गर्दीचा कार्बन

उत्तरपत्रिकेच्या त्या पानावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल पेनाची रेघ होती. रेघेच्या शेवटी शून्य, आणि शून्याखाली हिंदीत लिहिलं होतं, ‘गलत. नोट्स देखो.’

नीलिमा मेश्राम परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी होती. तिने आधी शून्य पाहिलं. मग स्वतःचं उत्तर सुरुवातीपासून वाचलं, प्रत्येक बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते बोटाने तपासत. उत्तर बरोबर होतं.

“हो गया?” खिडकीतला बाबू म्हणाला. “फोटो मत लेना, बेटा.”

“ये सही है,” नीलिमा म्हणाली.

“सबका सही ही रहता है.” बाबूने उत्तरपत्रिका घ्यायला हात पुढे केला.

एम.एस्सी. रसायनशास्त्राचे बाकी सगळे पेपर सुटले होते. सेंद्रिय अभिक्रियांचा पेपर, ज्याला सगळे नुसतं ‘मेकॅनिझम’ म्हणत, तेवढा राहिला होता, आणि तो या एका प्रश्नामुळे राहिला होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नीलिमाची पीएच.डी.साठी निवड झाली होती. अट एवढीच की ऑगस्ट संपायच्या आत पूर्ण गुणपत्रिका हवी. एकही विषय अडकलेला चालणार नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर वैष्णवी सोनी वाट पाहत होती. ती वर्गातली मैत्रीण, सराफ्यातल्या दागिन्यांच्या दुकानदाराची मुलगी. मेकॅनिझमच्या पेपरात तिला नीलिमापेक्षा कितीतरी जास्त गुण होते.

“इपॉक्साइडवाला?” वैष्णवीने विचारलं.

“शून्य.”

“मैंने बोला था न, नोट्स छाप दे. तेरे को किताब पढ़ने किसने कहा था?”

“तुझं उत्तर चूक आहे, वैष्णवी.”

“हां तो?” वैष्णवी शांतपणे म्हणाली. “पास हूं न.”

नीलिमाला तिचा राग आला नाही. तो दुसरीकडे साठत होता.

प्रश्न अवघड नव्हता. इपॉक्साइड म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा त्रिकोण. हा त्रिकोण ताणलेला असतो, तुटायला टपलेला. त्यात मिथेनॉल घातलं की ते दोनपैकी एका कार्बनला जाऊन चिकटतं आणि त्रिकोण उघडतो. कुठल्या कार्बनला, एवढंच सांगायचं असतं. एका कार्बनभोवती शेजाऱ्यांची गर्दी असते, दुसरा मोकळा असतो. मिश्रणात अल्कली असेल तर हल्ला मोकळ्या कार्बनवर होतो, कारण तिथे जायला अडथळा नसतो. आम्ल असेल तर, आणि पेपरातल्या प्रश्नात आम्लच होतं, उलट घडतं. ऑक्सिजनला प्रोटॉन लागतो, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढू लागतो, आणि गर्दीच्या कार्बनवर धनभार जास्त साठतो, कारण तो भार पेलायला त्याचे शेजारी हात लावतात. मिथेनॉल गर्दी असूनही तिथेच जातं. जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेलं आहे.

विभागाच्या नोट्समध्ये मात्र आम्लाच्या पानावरसुद्धा हल्ल्याचा बाण मोकळ्या कार्बनवर होता. खाली कारण दिलं होतं: गर्दीमुळे अडथळा. बहुधा कोणे एके काळी कुणीतरी अल्कलीचं पान समोर ठेवून आम्लाचं पान उतरवलं होतं. कॉलेजच्या फाटकासमोर बंटीच्या फोटोकॉपीच्या दुकानात या नोट्सची मूळ प्रत असे, ‘मास्टर’. दरवर्षी नवा वर्ग आला की मास्टरवरून प्रती निघत. मुलं त्या पाठ करत, परीक्षेत चित्र जसंच्या तसं काढत, आणि तपासणारा चित्र चित्राशी ताडून गुण देत असे. या पद्धतीला विभागात कुणी नाव दिलं नव्हतं. तिच्याशिवाय दुसरी पद्धत असू शकते असंच कुणाला वाटत नव्हतं.

पेपर काढणारे आणि तपासणारे एकच होते, डॉ. श्रीकांत दाबके.

दाबके सरांची खोली विभागाच्या टोकाला होती. भिंतीवर फळा, टेबलावर पेपरवेटखाली लग्नपत्रिका. घर दीक्षितपुऱ्यात, कित्येक पिढ्यांचं. नीलिमा आत आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि हसले.

“ये ग. बस. मला माहीतच होतं तू येशील.”

“सर, माझं उत्तर बरोबर आहे.”

“पुस्तकातलं आहे.”

“पुस्तकातलं बरोबर आहे.”

“हे बघ, नीलिमा, पुस्तकं काय, ढीगभर असतात. परीक्षा आपण घेतो. जे शिकवलं ते लिहायचं. मी शिकवलं ते तू लिहिलं नाहीस. मग मी काय करू, सांग?”

“थोडे तरी गुण द्यायचे होते. शून्य काहून?”

सरांनी चष्मा पुसला. “थोडे दिले असते तर कुणी विचारलं असतं, थोडे कशाचे?”

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. आणि ते पुढे बोलू लागले. फेरतपासणीचा अर्ज करू नकोस. अर्ज केला की कागद बाहेर जातो, बाहेरचा माणूस येतो, महिने जातात, पुणं हातचं जाईल. पुरवणी परीक्षा लगेच आहे. पेपर मीच काढणार आहे. हाच प्रश्न टाकतो, शब्दही बदलत नाही. नोट्ससारखं लिही, सुटलीस.

“दुसऱ्या कुणाला मी असं सांगितलं नसतं,” सर म्हणाले. “पण आपली मराठी मुलगी पुण्याला जाते आहे, मला अभिमान नाही का? तुझ्या बाबांना विचार. इथल्या मराठी मंडळात आम्ही नेहमी भेटतो. टिकाराम फार भला माणूस.”

बाबा दाबके सरांपेक्षा वयाने मोठे होते. नीलिमाने ते ऐकून घेतलं आणि ती उठली.

शहराच्या कडेला, महाराजपूरला घरी पोचेपर्यंत ऑटोत तिने फेरतपासणीचा अर्ज मनात लिहून काढला होता. त्यात एकही विशेषण नव्हतं. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने ओट्यावर आदळला.

“तांब्यानं काय केलं तुझं?” आई पार्वताबाई म्हणाली.

टिकाराम मेश्राम सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते. कूलरसमोर बनियनवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये दोनदा कूलरला थाप मारली, कारण तो आवाज करून राहिला होता.

“म्हणजे सर तुले पास करून राहिले,” ते शेवटी म्हणाले.

“चूक लिहिली तर.”

“मग लिहून टाक न बाप्पा. बाण इकडून काढला का तिकडून काढला, कोणाचं काय जाते? कोणाच्या घरची भिंत पडते का?”

“बाबा, मी चूक लिहिली म्हणून नापास झाली असती तर तुम्ही मले काय म्हणलं असतं?”

“अभ्यास कर म्हणलं असतं.”

“अभ्यास केला म्हणून नापास झाली मी.”

टिकारामांनी पुन्हा कूलरला थाप मारली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अर्ज-बिर्ज करू नको, नीलू. सर वाईट माणूस नाही. आपला माणूस आहे. मंडळात भेटला का स्वतःहून बोलते.”

“मंडळात तुम्हाले कुठं बसवते?”

“मागं बसतो मी.”

“काहून?”

“मागं पंखा आहे.”

आई हसली. नीलिमा हसली नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पंख्याचं आपण खोटं बोललो हे तिला कळलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

“तू पुण्याले जा,” ते म्हणाले. “एवढंच पाहायचं आहे मले. तिथं गेल्यावर कोणाशी भांडाचं ते भांड. इथं भांडशील तर इथंच राहशील.”

हे मात्र खरं होतं. तेच तिला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने परीक्षा विभागात चौकशी केली. फेरतपासणीचा निकाल दिवाळीच्या आसपास लागतो, असं बाबूने सांगितलं. कुठल्या दिवाळीच्या, ते विचारू नकोस, असंही सांगितलं.

अर्ज मनातच राहिला.

पुरवणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांनी निरोप पाठवला. एकदा येऊन जा, करून घेऊ. नीलिमा गेली. सर खुशीत होते. कुणीतरी खव्याची जिलबी आणली होती, तिचा पुडा टेबलावर उघडा होता.

“घे. मग नोट्स बघितल्यास ना?”

“बघितल्या. पण हात तसा चालत नाही, सर. तुम्ही एकदा फळ्यावर काढा. मी बघून तसंच बसवते.”

यात तिचा काही डाव नव्हता. तिला खरंच ते चूक चित्र काढता येत नव्हतं. घरी तिने ते उतरवायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी हात त्याच जागी अडला होता.

सर उठले. पाठीचं दुखणं असूनही फळ्यापाशी गेले की त्यांची चाल बदलत असे. खडू घेतला, त्रिकोण काढला, झटक्यात, एकही रेघ न पुसता.

“आम्ल आहे. म्हणजे आधी काय? ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी प्रोटॉनकडे.” बाण वळला. “आता ऑक्सिजनवर धनभार. त्याला तो नको आहे. तो इलेक्ट्रॉन ओढतो, हा बंध सैल पडतो. सैल पडला की भार कुणावर येणार? जो पेलू शकेल त्याच्यावर. आणि आता बघ, मिथेनॉल येतं आणि…”

खडूने मिथेनॉलच्या ऑक्सिजनपासून बाण काढला. बाण वळून सरळ गर्दीच्या कार्बनवर जाऊन थांबला.

सरही थांबले. खडू फळ्याला टेकलेलाच होता. वर पंखा फिरत होता. मग त्यांनी तळहाताने तो बाण पुसला आणि मोकळ्या कार्बनवर दुसरा काढला. दुसरा बाण पहिल्यासारखा गोल आला नाही.

नीलिमा जागेवरून उठली नव्हती. सरांना हे येत नाही, असंच ती आतापर्यंत धरून चालली होती. चुकीचं शिकले, चुकीचं शिकवलं, वय झालं, मान्य करायला लाज वाटते. एवढं तिने त्यांना माफ करत आणलं होतं.

“सर, तुम्हाला माहीत आहे.”

सर हात झटकत राहिले. खडूची पूड शर्टावर पडली.

“कधीपासून?”

“दार लोट जरा.”

“दार उघडंच राहू द्या. कधीपासून?”

“नोकरीला लागलो तेव्हापासून,” दाबके सर म्हणाले. आवाज खाली आला होता, पण ओशाळलेला नव्हता. “नोट्स माझ्या नव्हेत, मोठ्या सरांच्या. ते विभागप्रमुख, मी कालचा पोरगा. त्यांना कोण सांगणार? मग ते गेले. तोवर मी स्वतः कित्येक वर्षं त्यावरच पेपर तपासले होते. मुलं पास केली, नापास केली. बदलायचं म्हटलं तर मागच्यांना काय सांगू? आणि कुठल्या वर्षी बदलायचं? प्रत्येक वर्षी मागची वर्षं एकाने वाढतात.”

“माझ्या वर्षी.”

“काय?”

“माझ्या वर्षी बदलायचं. माझी उत्तरपत्रिका तुमच्या हातात होती. बरोबर उत्तर लिहिलेलं होतं. तुम्हाला ते बरोबर आहे हे ठाऊक होतं. पेन तुमच्याच हातात होतं.”

“आवाज खाली.”

“तुम्ही ‘गलत’ लिहिलं. शून्य दिलं. माझ्या आधी कुणी असं लिहिलं होतं का?”

 सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “अधूनमधून असतो एखादा.”

“त्यांचं काय झालं?”

“पुरवणीत नोट्ससारखं लिहिलं. सुटले. आज चांगल्या जागी आहेत.” त्यांनी जिलबीचा पुडा तिच्याकडे सरकवला. “तूही होशील. हे बघ, मी तुला बुडवत नाहीये. आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळून…”

“माझ्या बाबांना अहो-जाहो करत जा, सर,” नीलिमा म्हणाली. “तुमच्यापेक्षा मोठे आहेत.”

ती बाहेर पडली. व्हरांड्यातून ती झपाझप चालत होती. घाबरल्यामुळे नव्हे. वळून जावं आणि तो फळा भिंतीवरून उपटून काढावा असं तिला वाटत होतं, आणि ते न करायला सगळी ताकद लागत होती.

पुरवणी परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला तेव्हा तोच प्रश्न होता. शब्दही बदलले नव्हते. सरांनी शब्द पाळला होता.

नीलिमाने आधी बाकीचे प्रश्न लिहिले. मग या प्रश्नाचं पान उघडलं आणि पेनला टोपण लावून बसली. बरोबर लिहिलं की काय होईल, हे तिला माहीत होतं. पुन्हा लाल रेघ, पुन्हा शून्य, पुण्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पुण्यातल्या लोकांना कारण कळणार नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं असतं की मुलगी मेकॅनिझममध्ये दोनदा नापास झाली. म्हणजे ज्या विषयासाठी तिला घेतलं, तोच तिला येत नाही.

तिने टोपण काढलं. त्रिकोण काढला. ऑक्सिजनला प्रोटॉन लावला. मिथेनॉलचा बाण मोकळ्या कार्बनवर नेला, सावकाश, नोट्समध्ये होता तितक्याच वळणाचा. खाली लिहिलं: गर्दीमुळे अडथळा. निब कागदात इतकी रुतली होती की मागच्या पानावर बाण उठला. सगळं नीटनेटकं होतं. आयुष्यात तिने काढलेलं सगळ्यात स्वच्छ चित्र. उत्तरपत्रिका देताना तिने ती पर्यवेक्षकाच्या हातात दिली नाही, टेबलावर टाकली.

निकाल लागला. त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते.

व्हरांड्यात दाबके सर भेटले. सोबत दुसऱ्या विभागाचे कुणी प्राध्यापक होते. “ही आमची नीलिमा,” सर त्यांना म्हणाले. “पुण्याला चाललीय. अस्सल मेकॅनिझमची मुलगी.” मग तिच्याकडे वळून, “टिकारामजींना नमस्कार सांग बरं का.”

नावाला ‘जी’ लागला होता. नीलिमाने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, याचा तिला भरवसा नव्हता.

घरी बाबांनी पेढे आणले. तिने एक खाल्ला, कारण ते समोर उभे होते. मग बाबाच म्हणाले, “झालं न आता? निस्तरलं न?” आणि तिने दुसरा पेढा उचलला नाही तेव्हा डबा झाकून ठेवला. 

पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी ती मूळ प्रमाणपत्रं घ्यायला कॉलेजात गेली. परत येताना फाटकासमोर गर्दी दिसली. नवा वर्ग आला होता. मुलंमुली बंटीच्या दुकानासमोर उभी होती, आणि काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला मास्टर पडला होता. वरची पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या.

नीलिमा रस्ता ओलांडून गेली.

“अरे दीदी!” बंटी म्हणाला. हा दुकानाचा मालक, चाळिशीचा, पण सगळ्या मुलींना दीदी म्हणणारा. “सुना पूना जा रही हो. मिठाई?”

“पहले इपॉक्साइडवाला पन्ना निकालो. छापना मत अभी.”

“क्यों? कुछ गड़बड़?”

“करेक्शन है. व्हाइटनर दो.”

बंटीने पान शोधून काढलं, व्हाइटनरही दिला. नीलिमाने काउंटरच्या कडेला जागा केली. आधी बाण पुसला. मग त्या बाणातून निघणारं उत्पादन पुसलं. मग कारणाची ओळ. तिन्ही ठिकाणं वाळेपर्यंत ती पानावर फुंकर घालत उभी राहिली. मागची मुलं चुळबुळ करू लागली होती. मग तिने काळ्या पेनाने बाण गर्दीच्या कार्बनवर नेला, उत्पादन बदललं, आणि कारणाच्या जागी मोठ्या सरांच्याच तिरक्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: आम्लात धनभार ज्याला शेजारी जास्त त्या कार्बनवर साठतो, म्हणून हल्ला तिथे. ते अक्षर तिला येत होतं. दोन वर्षं तिने तेच उतरवलं होतं.

एका मुलीच्या उत्तरावर रेघ मारता येते. सगळ्या वर्गाने तेच उत्तर लिहिलं, आणि तेही विभागाच्या नोट्समधून, तर रेघ कुणावर मारायची हे दाबके सरांना ठरवावं लागणार होतं.

बंटीने पान उचलून उजेडात धरलं. “दीदी, सर को मालूम है न? बाद में मेरे ऊपर मत आना.”

“मालूम है.”

“पक्का?”

“फोन लगा लो. पूछ लो कि मेरे सामने बोर्ड पर पहले किस कार्बन पर बनाया था.”

बंटीने फोनकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. “अपने को कार्बन से क्या लेना,” तो म्हणाला आणि पान यंत्रावर ठेवलं. झाकण पडलं, हिरवा उजेड सरकला, आणि ट्रेमध्ये कागद येऊ लागले.

नीलिमाने पहिली प्रत उचलली. बाण स्पष्ट उमटला होता. व्हाइटनरचा डाग कुठे दिसत नव्हता. पुण्याला जाण्यासाठी आपण काय लिहून दिलं, ते यामुळे पुसलं जाणार नाही, हे तिला माहीत होतं. रागही जागच्या जागी होता.

रांगेतली एक मुलगी डोकावून पाहत होती. “दीदी, ये वाला पेपर में आता है क्या?”

“हर साल.”

“तो रट लें?”

नीलिमाने ती प्रत तिच्या हातात दिली. “हां, रट लो,” ती म्हणाली. “पूरी क्लास रट लो. एक भी मत छोड़ना.”